कागद पिवळा का पडतो आणि मी गच्चीत काचा का मांडल्या

छपाईच्या धंद्यात डिलिव्हरी होऊन तीन महिने झाल्यावर क्लायंटचा फोन आला तर दोनच कारणं असतात, एकतर पुढचं काम नाहीतर मागच्या कामाची तक्रार. गेल्या मेमध्ये सचिवांचा फोन आला, "ताई, सवडीने एकदा येऊन बघून जा", आणि 'सवडीने' म्हटल्यावरच मला कळलं की तक्रार आहे. पुण्यात माणूस चिडला की जास्त सभ्य बोलतो.

संस्थेचं नाव सांगत नाही, पेठेतली जुनी संस्था आहे, पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढलेली. दोनशेच्या वर पानं, सगळी रंगीत, आणि निम्म्या प्रती बाहेरगावच्या देणगीदारांना पोस्टाने जाणार. १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅमचा, आर्ट पेपर घेतला असता तर पुस्तकाची वीट झाली असती आणि पोस्टाचा खर्च छपाईइतका, म्हणून मी एलडब्ल्यूसी सुचवला. लाइट वेट कोटेड, म्हणजे वर पातळ लेप दिलेला हलका कागद. मासिकांना वापरतात तो, बाहेरून येणारा, ६५ जीएसएम, हाताला गुळगुळीत, पातळ असूनही मागचा मजकूर पुढे दिसत नाही. सगळे खूश होते. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांनी पुस्तक हातात घेऊन "अरे वा, हलकं आहे" म्हटलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

तर गेले. दारातून आत शिरलं की समोर काचेचं कपाट, पश्चिमेकडे तोंड करून. त्यात एक प्रत संस्थापकांच्या फोटोच्या पानावर उघडून ठेवलेली आणि त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर कुणीतरी पत्त्याएवढं कार्ड टेकवलेलं, 'देणगीमूल्य ३०० रुपये'. सचिव सर काही बोलले नाहीत, नुसतं कपाट उघडलं आणि कार्ड उचललं. खाली पांढराशुभ्र चौकोन आणि बाकी सगळं पान मारी बिस्किटाच्या रंगाचं. संस्थापकांचा चेहरा काविळ झाल्यासारखा. मी म्हटलं, "सर, ऊन येतं का इथे?" सर म्हणाले, "येतं की. पण काच आहे ना मध्ये."

ही काच पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

कागदवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तो त्या कागदाचा स्वभावच आहे", आणि वर शहाणपणा की यूव्ही कोटिंग मारून घ्यायचं होतं ना. आता हे मी आधीच सांगून टाकते कारण हा गैरसमज बाजारात अर्ध्या लोकांना आहे आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही होता. आपण कव्हरवर जे चकचकीत यूव्ही कोटिंग मारतो त्यातला यूव्ही म्हणजे ते वॉर्निश यूव्ही दिव्याखाली वाळवतात म्हणून. ऊन अडवायचं म्हणून नाही. रेनकोट आणि रेनट्री यांच्यात जेवढं नातं तेवढंच. उलट त्या वॉर्निशमध्ये दिव्याखाली वाळण्यासाठी जे केमिकल असतं त्याचा उरलेला अंश स्वतःच नंतर पिवळा पडू शकतो.

मग मी ते पान घेऊन आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काकांनी सगळी नोकरी एका पेपर मिलच्या कोटिंग लॅबमध्ये केली, महाराष्ट्राबाहेर, आणि रिटायर होऊन पुण्यात आले. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून मी त्यांना फक्त पार्किंग आणि पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं होतं. त्यांनी पान घेतलं, मला न विचारता टर्रकन फाडलं, फाटलेली कड भिंगातून बघितली आणि म्हणाले, "अगं हे दळलेलं लाकूड आहे. पीठ आहे पीठ."

तर कागदाचा लगदा करायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे लाकूड केमिकलमध्ये शिजवायचं. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांना चिकटवून धरणारं लिग्निन असतं, पाइन-देवदाराच्या जातीच्या लाकडात पाव भाग किंवा थोडं जास्तच लिग्निन. शिजवलं की लिग्निन विरघळून निघून जातं, तंतू उरतात, पण १०० किलो लाकडातून लगदा मिळतो जेमतेम ४५ ते ५० किलो. दुसरी तऱ्हा म्हणजे लाकूड दगडावर घासायचं किंवा वाफ देऊन दोन चकत्यांमध्ये रगडायचं. हा मेकॅनिकल पल्प. यात काही काढून टाकतच नाही, त्यामुळे १०० किलोतून ९० ते ९५ किलो लगदा मिळतो. वीज भरपूर लागते पण झाडं निम्मीच लागतात. दगडावर लाकूड घासायची युक्ती १८४० च्या दशकात जर्मनीत केलर नावाच्या माणसाने काढली, आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला कॅनडात फेनर्टी नावाचा एक जण स्वतंत्रपणे तेच करत होता. तोवर कागद चिंध्यांचा व्हायचा. ही युक्ती निघाली नसती तर एक-दोन पैशांत वर्तमानपत्र मिळायचा जमाना आला नसता.

आणि मेकॅनिकल म्हणजे हलक्या प्रतीचा माल असं समजू नका, हे काकांनी तीनदा बजावलं. तंतूंचे तुकडे, भुगा, सगळं त्यात असतं म्हणून उजेड आरपार जात नाही, फुगीरपणा जास्त येतो, शाई छान बसते. ६५ जीएसएममध्ये मागचं न दिसणं ही याचीच कमाल. फक्त लिग्निन पोटात आहे, आणि लिग्निनला ऊन सोसत नाही.

माझी भाची एमएस्सी करते, तिने कॉलेजात एक चाचणी करून दिली. फ्लोरोग्लुसिनॉल म्हणून एक द्रावण असतं, ॲसिडमध्ये केलेलं, त्याचा थेंब लिग्निनवर पडला की जागा लालजांभळी होते. वर्तमानपत्रावर थेंब टाकला, कुंकू सांडल्यासारखं झालं. स्मरणिकेच्या पानाच्या फाटलेल्या कडेवर, तेच. माझ्या लेटरहेडच्या मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनकोटिंगच्या कागदावर, काही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि हे मी कागद घ्यायच्या आधी केलं असतं तर ही सगळी पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

आता पिवळेपणा नेमका येतो कसा. काकांनी केमिस्ट्री सांगायला सुरुवात केली आणि मी हरवले, तेवढ्यात काकूंनी आतून वांगी चिरून पाण्यात टाकल्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, हे बघ, हेच. वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं का पडतं? त्यात फेनॉल जातीची द्रव्यं असतात, हवेतला ऑक्सिजन लागला की त्यांची क्विनोन होतात आणि क्विनोनला रंग असतो. वांग्यात हे काम एन्झाइम करतं. लिग्निन म्हणजे फेनॉलचंच भलंमोठं जाळं, फक्त तिथे एन्झाइमच्या जागी ऊन. सूर्यप्रकाशातला ३०० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा भाग, म्हणजे डोळ्याला दिसत नाही तो यूव्ही, लिग्निन शोषून घेतं, त्यातून रॅडिकल, म्हणजे कशालाही चटकन जुळणारे अस्थिर तुकडे, तयार होतात, ते ऑक्सिजनशी जुळतात आणि शेवटी क्विनोन. क्विनोन निळा उजेड खातं, म्हणून उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. ऑक्सिजन काढून घेतला तर पिवळं पडणं जवळजवळ थांबतं. म्हणून तर आपण वांगी पाण्यात टाकतो, पण स्मरणिका पाण्यात टाकता येत नाही.

मी म्हटलं, पण काका कागद तर ब्लीच केलेला असतो ना? तर म्हणे मेकॅनिकल पल्पचं ब्लीचिंग म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड नाहीतर हायड्रोसल्फाइट, आणि त्याने लिग्निन जात नाही, लिग्निनचा रंग तेवढा जातो. मुद्दामच तसं करतात, लिग्निन काढलं तर ९५ किलोचे परत ५० किलो. केस काळे केले म्हणून वय कमी होत नाही, असं काका स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाले.

यात अजून एक मेख आहे. जितका पांढरा केलेला कागद, तितकं पिवळं पडलेलं डोळ्यात भरतं. खाकी पँटवर चहा सांडला तर कोण बघतं, पांढऱ्या झब्ब्यावर सांडू दे. म्हणून मिलवाले नुसती ब्राइटनेस किती उतरली ते बघत नाहीत. ब्राइटनेस ४५७ नॅनोमीटरच्या निळ्या उजेडात मोजतात, आणि मग त्यावरून उन्हाआधी आणि उन्हानंतर कागद किती उजेड खातो आणि किती परत फेकतो याचं गुणोत्तर काढून दोन्हींतला फरक घेतात, त्याला पीसी नंबर म्हणतात, पोस्ट कलर नंबर. त्याने कळतं की खरोखर किती नवा रंग तयार झाला. मला हे ऐकून बरं वाटलं कारण वर्तमानपत्र आणि माझा कागद शेजारी ठेवून सर म्हणाले होते की "तुमचा तर पेपरपेक्षा वाईट पडलाय", आणि ते डोळ्याला खरं असलं तरी हिशेबाने खरं असेलच असं नाही. सरांना पीसी नंबर समजावून सांगायचं धाडस मात्र मी केलं नाही.

बरं मग यावर उपाय काय, तर लोकांनी खूप डोकं चालवलेलं आहे. एक विचार असा की लिग्निनचीच मोडतोड करायची, त्याचे जे फेनॉलचे हात आहेत त्यांना टोप्या घालायच्या म्हणजे रॅडिकल व्हायलाच नको. ॲसिटिलेशन म्हणतात, काम करतं, पण केमिकल इतकं लागतं की कागद सोन्याच्या भावात जाईल, आणि वर व्हिनेगरचा वास. दुसरा विचार, रॅडिकल होऊ देत पण ते पुढे जायच्या आत पकडायचे. थायॉल जातीची गंधकवाली द्रव्यं यात हुशार आहेत आणि सगळ्या थायॉल मंडळींचा प्रॉब्लेम एकच, वास. सडका कांदा, फुटलेला गॅस सिलिंडर वगैरे. काकांच्या लॅबमध्ये एकदा ट्रायल घेतली होती तर म्हणे कँटीनवाल्याने तक्रार केली. व्हिटॅमिन सी सुद्धा वापरून बघितलेलं आहे, सुरुवातीला छान रोखतं आणि मग संपलं की स्वतःच पिवळटतपकिरी होतं. तिसरा विचार सरळ आहे. ऊन तंतूपर्यंत पोचूच द्यायचं नाही, छत्री धरायची.

आणि छत्री धरायला कोटेड कागदात आयती जागा आहे, ते म्हणजे कोटिंग.

हे मला फार आवडलं. पिवळेपणा कागदाच्या वरच्या थरातच होतो, आत खोल ऊन जातच नाही. त्यामुळे यूव्ही शोषणारं महागडं द्रव्य सगळ्या लगद्यात कालवलं तर बहुतेक वाया, वरच्या आठ-दहा ग्रॅमच्या कोटिंगमध्ये घातलं तर जिथे ऊन पहिल्यांदा पडतं तिथेच ते बसतं. घराला रंग आतून-बाहेरून लावतो पण वॉटरप्रूफिंग गच्चीवरच करतो ना.

पण कोटिंग म्हणजे काय असतं? मुख्यतः खडू आणि चिनी माती, कॅल्शियम कार्बोनेट आणि केओलिन, आणि ते चिकटून राहावं म्हणून लॅटेक्स, शंभर भाग पिगमेंटला, म्हणजे या पांढऱ्या भुकटीला, दहा-बारा भाग असा काकांचा हिशेब. सगळे हिशेब शंभर भाग पिगमेंटवरच करतात, आपण कणकेला मीठ सांगतो तसं. आता खडू दिसायला पांढराफेक, पण तो यूव्ही खात नाही, फक्त इकडेतिकडे उधळतो. त्यामुळे थर जाड असेल तर खालच्या कागदापर्यंत ऊन कमी पोचतं आणि खालचा पिवळेपणा झाकलाही जातो, पण एलडब्ल्यूसीचा थर मुळातच पातळ, नावातच लाइट वेट आहे. केओलिन थोडं यूव्ही खातं. खरा खादाड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि त्यातही रूटाइल जातीचा, तो ४०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचं सगळं गिळतो. त्याचाच भाऊ ॲनाटेज, तो ३८५ पर्यंत गिळतो पण गिळलेल्या उन्हाच्या जोरावर आजूबाजूच्या केमिकलची मोडतोड करायला लागतो, म्हणजे पहारेकरीच घरात हात मारतोय. झिंक ऑक्साइडही यूव्ही खातं. शिवाय बेंझोट्रायझोल आणि बेंझोफिनोन म्हणून खास यूव्ही शोषणारी द्रव्यं असतात, प्लॅस्टिकमध्ये घालतात तीच. लॅटेक्ससुद्धा बघून घ्यावं लागतं, स्टायरिन-ब्युटाडाइन स्वस्त आणि मस्त पण त्याचा ब्युटाडाइनचा भाग उन्हात स्वतःच पिवळा पडतो, ॲक्रिलिकवालं जास्त टिकतं. म्हणजे कधीकधी कागद बिचारा निर्दोष असतो आणि वरचा गोंदच पिवळा झालेला असतो.

एवढं ऐकल्यावर कुणीही विचारेल तेच मी विचारलं. मग घालत का नाहीत?

काका हसले आणि म्हणाले, "तुझ्यामुळे."

याचा अर्थ कळायला मला गच्चीवर जावं लागलं.

मेचा दुसरा आठवडा होता, पुण्यात तेव्हा अकरा ते चार गच्चीवर चपलेशिवाय पाय टेकवत नाही. मी पापड वाळत घालतात तसा जुन्या दारावर प्रयोग मांडला. पाच जातीच्या कागदांच्या पट्ट्या. वर्तमानपत्र, स्मरणिकेचा एलडब्ल्यूसी, आर्ट पेपर, औषधांच्या खोक्याचा बोर्ड, आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला सुती कागद. प्रत्येक पट्टीचा एक भाग उघडा, एक भाग फॉइलने झाकलेला, एक साध्या खिडकीच्या काचेखाली आणि एक गाडीच्या पुढच्या काचेच्या तुकड्याखाली. तो तुकडा नाना पेठेतून आणला, दुकानदाराने "कशाला पाहिजे" विचारलं, मी म्हटलं कागद वाळवायला, त्याने पुढे काही विचारलं नाही. पुढची काच मुद्दाम, कारण ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि तो पापुद्रा जवळजवळ सगळा यूव्ही अडवतो. आणि साध्या काचेवर मी एक पट्टा सनस्क्रीनचा ओढला. झिंक ऑक्साइडवालं, नवऱ्याचं, त्याला अजून माहीत नाही.

वर्तमानपत्राची उघडी पट्टी पहिल्याच संध्याकाळी पिवळी. चौथ्या दिवशी एलडब्ल्यूसी उघडा होता तिथे आणि साध्या काचेखाली, दोन्हीकडे पिवळा, काचेखाली किंचित कमी एवढंच. साधी काच ३०० च्या आसपासचा अगदी तिखट यूव्ही अडवते पण ३२० च्या पुढचा बराचसा सोडून देते, आणि लिग्निनला तेवढा पुरतो. म्हणजे सरांची "काच आहे ना मध्ये" तिथेच निकालात निघाली. गाडीच्या काचेखाली मात्र रंग इतका कमी बदलला की मला फॉइलखालचा भाग शेजारी धरून बघावं लागलं. आणि सनस्क्रीनच्या पट्ट्याखाली कागदावर सरळ एक फिकट रेघ उठली, बोटाने ओढलेली, माझ्या बोटाच्या वळणासकट. मी ती पट्टी फ्रेम करणार आहे.

खोक्याचा बोर्ड तर दोन तोंडाचा निघाला. कोटिंगची बाजू बरी राहिली आणि पाठ पिवळीधमक, कारण त्याच्या पोटात मेकॅनिकल पल्प आणि पाठीवर कोटिंग नाही. तोच कागद, तेच ऊन. सुती कागदाला काही म्हणजे काही झालं नाही. चिंध्यांत लिग्निन नसतंच. कसब्यातल्या कागदीपुऱ्यात पूर्वी कागद करणारे लोक राहायचे, जुना हातकागद खळ लावून दगडाने घोटलेला असायचा, आणि पेशवे दफ्तरातली कागदपत्रं अजून वाचता येतात त्यात त्या चिंध्यांचा मोठा वाटा आहे. असो, ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर लिहायला बसले तर आजची पोस्ट संपणार नाही.

खरा धक्का आर्ट पेपरने दिला. त्यात लिग्निन जवळजवळ नाही, तरी उघडा भाग मळकट वाटायला लागला. पिवळा म्हणता येणार नाही, पण तो निळसर झगमगीतपणा गेला. संध्याकाळी नोटा तपासायचा यूव्ही दिवा आणला आणि खोलीत अंधार करून पट्टीवर धरला. झाकलेला भाग निळा चमकला, उघडा भाग निम्मासुद्धा नाही. हे ऑप्टिकल ब्राइटनर. न दिसणारा यूव्ही खातो आणि निळा उजेड बाहेर टाकतो, म्हणजे कपड्याच्या नीळेसारखंच पण दिव्यासारखा पेटणारा. उन्हात तोही मरतो. खऱ्या नोटेवर तोच दिवा मारला की कागद अंधारा राहतो आणि फक्त काही धागे आणि आकडे चमकतात, कारण नोटेच्या कागदात ब्राइटनर घालतच नाहीत.

आणि इथे मला काकांचं "तुझ्यामुळे" कळलं. ब्राइटनरला चमकायला यूव्ही लागतो. लिग्निनला वाचवायला यूव्ही अडवावा लागतो. कोटिंगमध्ये रूटाइल घाला नाहीतर यूव्ही शोषणारं द्रव्य घाला, ते सगळा यूव्ही आधीच गिळून बसतं आणि ब्राइटनर उपाशी. कागद पहिल्या दिवसापासून थोडा क्रीमकडे झुकलेला दिसतो. आता मी कागद कसा घेते? दुकानात दोन शीट उचलते, दारात उन्हात नेते, शेजारी धरते आणि जो जास्त निळसर पांढरा तो घेते. बावीस वर्षं हेच करतेय. सगळे हेच करतात. दुकानाच्या दारातल्या त्या पाच सेकंदांत टिकाऊ कागद दरवेळी हरतो, आणि मिलवाल्याला हे पक्कं माहीत आहे. काका म्हणाले, आमच्याकडे चांगली रेसिपी तयार होती, मार्केटिंगवाल्यांनी सँपल फिरवलं आणि आठवड्यात परत, "शेड डल आहे". विषय संपला.

नवव्या दिवशी वळीव आला आणि माझा प्रयोग, दार, फॉइल सगळं गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन पडलं. काच फुटली नाही हे नशीब.

मधल्या काळात लोकांनी मला बरेच घरगुती उपाय सुचवले. कापूर ठेव, कडुलिंबाचा पाला ठेव. ते किड्यांसाठी आहे हो. कुणी म्हणालं माळ्यावरची जुनी पुस्तकं तर अंधारातही पिवळी पडतात, मग उन्हाचं काय घेऊन बसलीस. ते खरं आहे, पण तो वेगळा रोग. त्या काळी कागदाला तुरटी आणि राळ लावायचे, त्याने कागद आंबट, ॲसिडिक, व्हायचा आणि उष्णता-दमटपणाने हळूहळू तपकिरी आणि कुरकुरीत. कोटिंगमधला खडू ॲसिडला मारतो म्हणून आजच्या कोटेड कागदाला तो त्रास बराच कमी, पण उन्हापुढे खडूचं काही चालत नाही. कायम टिकणाऱ्या कागदासाठी आयएसओ ९७०६ म्हणून मानक आहे, त्यात ॲसिड मारायला खडूचा साठा हवा ही अट आहेच, पण लिग्निन जवळपास नसावं हीसुद्धा आहे. म्हणजे एलडब्ल्यूसी त्या परीक्षेला बसूच शकत नाही, आणि मी ७५ वर्षांची आठवण त्यावर छापली होती.

सरांना मी काय सांगितलं ते आता. आधी कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या पॅसेजमध्ये हलवायला लावलं, तिथे एलईडी आहे, आणि साध्या पांढऱ्या एलईडीत यूव्ही जवळजवळ नसतो. कपाटाच्या काचेला यूव्ही अडवणारी फिल्म लावली, गाड्यांना लावतात त्या जातीची पण पारदर्शक. आणि गोडाऊनमधल्या चारशे प्रती काढून बघितल्या. एकही पिवळी नव्हती, फक्त वरच्या गठ्ठ्याच्या कडा किंचित. मिटलेल्या पुस्तकात ऊन शिरणार कुठून. हे इतकं साधं आहे की मला सुचायला एक महिना लागला. सगळी स्मरणिका महाग कागदावर छापायची गरजच नव्हती, जी पानं उघडी राहणार तीच सांभाळायची होती.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीला, हो, दुसरी आवृत्ती निघाली, आतला कागद एलडब्ल्यूसीच ठेवला, आणि कपाटात उघडून ठेवायचा संस्थापकांच्या फोटोचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, तेवढा लिग्निन नसलेल्या आणि ब्राइटनर कमी असलेल्या मॅट कागदावर घेतला. ब्राइटनर कमी म्हणजे उन्हात मरायला त्यात फारसं काही नाही, तो आजही क्रीमकडे झुकलेला आणि पाच वर्षांनीही साधारण तसाच राहील. पोस्टाच्या वजनात नावाला फरक पडला. कागदवाल्याकडे गेले तेव्हा दारात न नेता यूव्ही दिवा काढला, तो म्हणाला मॅडम नोटा तपासताय का.

प्रूफ घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, फोटोचं पान आणि शेजारचं पान आलटून पालटून बघितलं, खिडकीपाशी गेले, तिथे परत बघितलं.

"छान झालंय ताई," सर म्हणाले. "फक्त हे फोटोचं पान जरा अजून पांढरं नाही का करता येणार? शेजारचं बघा कसं निळसर छान दिसतंय."